चावीआपा पाहुणी म्हणून आली

आपल्या कझाकस्तानातल्या तराज शहरात रौशान झाप्पारोवाच्या लेखांची कात्रणं घरोघरी सापडतील, पण स्वतः सुधारावं म्हणून कुणी ती कापून ठेवलेली नाहीत. ठेवलीत ती दुसऱ्याला दाखवायला. सासू सुनेच्या नाकापुढे धरते, सून जावेच्या. सात नंबरच्या बसच्या ड्रायव्हरने तर बसमध्ये बिया खाऊ नयेत हा लेख काचेवर चिकटवलाय आणि त्याच्याखाली बसून तो स्वतः सूर्यफुलाच्या बिया फोडतो. टरफलं कुठे जातात ते विचारू नका. तीस वर्षं ही बाई साप्ताहिकात ‘कसं वागावं’ हे सदर लिहितेय, आणि तीस वर्षांत शहर तसूभरही सुधारलेलं नाही, असं तिचं ठाम मत आहे. ते ती न विचारता कुणालाही ऐकवते.

सुरुवात झाली ती बिटापासून. मेर्केजवळच्या गावातून ती शहरात आली तेव्हा तिला शेतीची बातमीदार म्हणून घेतलं होतं. साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर चिखलात उभं राहून किती बीट आलं आणि किती सडलं ते लिहायचं. आलेल्याचं छापून यायचं, सडलेल्याचं कधीच नाही. एक दिवस संपादक काइरोल्दा यांनी तिच्या टेबलावर एक पत्र टाकलं.

“हा माणूस सिनेमाला गेला होता. मागच्याने याच्या कॉलरीत बियांची टरफलं टाकली. उत्तर दे याला.”

“मी? मी तर शेती बघते.”

“मग? सूर्यफूल काय कारखान्यात होतं?”

तिने उत्तर लिहिलं. सगळ्या सडलेल्या बिटाचा राग त्यात उतरला. पुढच्या आठवड्यात एक्केचाळीस पत्रं आली. मी नीट कसा वागू, असं विचारणारं त्यात एकही नव्हतं. सगळ्यांना शेजारी, मेहुणा, साहेब किंवा सून कशी वागते ते सांगायचं होतं आणि त्याबद्दल पेपरातून चार शब्द सुनावून हवे होते. रौशानला तेव्हाच कळायला हवं होतं की ह्या धंद्यात राम नाही. पण वय चोवीस, आणि आपलं नाव चौकटीत छापून आलेलं. कुणाला कळतं तेव्हा?

तिने काट्या-चमच्यावर लिहिलं. रांगेत जागा धरून बाजारहाट करून येणाऱ्यांवर लिहिलं. देश बदलला, शहराचं नाव बदललं, पेपर चार पानांवरून दोन पानांवर आला, तरी तिचं सदर सुटलं नाही. मग मोबाइल आले, आणि मयताला बसलेल्या माणसाच्या खिशात लग्नाची गाणी वाजू लागली. त्यावर लिहिलं. मग नऊ-नऊ मिनिटांचे बोललेले निरोप आले, ज्यात पहिली तीन मिनिटं नुसती तब्येतीची चौकशी. त्यावरही लिहिलं, तर वाचकांनी नऊ-नऊ मिनिटांचे निरोप पाठवून अभिनंदन केलं.

सगळ्यात मोठी मोहीम होती ‘पाच म्हणजे पाच’. आपल्याकडे पत्रिकेवर पाच लिहितात, लोक आठला येतात, हे लक्षात घेऊन यजमान साडेसातला चूल पेटवतात. रौशानने सलग सहा आठवडे लिहिलं आणि सातव्या आठवड्यात एका लग्नाला स्वतः पाचच्या ठोक्याला जाऊन उभी राहिली. वधूची आई केस धुऊन टॉवेल गुंडाळून बसली होती. तिने रौशानला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“बरं झालं लवकर आलीस, ताई. ते गाजर पडलंय बघ.”

तीन तास तिने गाजरं सोलली. रेशमी झगा घालून. पाहुणे आठला आले आणि तिला स्वयंपाकीण समजून चहाच्या रिकाम्या पियाल्या तिच्या हातात देऊ लागले.

ह्या सगळ्या वैतागात घरचा वैताग वेगळाच होता, आणि त्या वैतागाचं नाव होतं चावीआपा.

सुनेने सासरच्या थोरामोठ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाव घ्यायचं नाही म्हणजे दुसरं ठेवायचं, आणि ते सुनेनेच ठेवायचं. रौशान लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिने भराभर नावं ठेवली. चुलत सासरे फेल्टची टोपी झोपतानाही काढत नसत, ते झाले टोपीआजा. धाकटा दीर सदानकदा शीळ घालायचा, तो शिट्टीदीर. आणि मोठ्या नणंदेच्या गळ्यात घरातल्या संदुकीची चावी असायची, म्हणून ती चावीआपा. सुनेने ठेवलेली ही नावं फार टिकतात. दोन-तीन वर्षांत पोरंटोरं, शेजारीपाजारी, दूध घालणारी बाई, सगळेच तिला चावीआपा म्हणू लागले. तिचं खरं नाव उमसिन, हे पोस्टमनलाच काय ते माहीत राहिलं.

रौशानच्या नवऱ्याची, येर्मेकची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि उमसिन एकोणीसची. तिने आलेली दोन स्थळं परत पाठवली, भावाला वाढवलं, शिकवलं, मगच लग्न केलं, तेही दोन गल्ल्या सोडून, म्हणजे नजर ठेवता येईल. रौशान ह्या घरात आली त्या दिवशी गायकाने दोंब्रा वाजवत एकेका सासरच्याला नमस्कार करायला लावला, चेहऱ्यावरचा पडदा उचलला, आणि सासूच्या जागी उभं राहून उमसिननेच तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला. गाठ इतकी घट्ट होती की तीन दिवस रौशानचे कान दुखत होते.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं चावीआपा दार न वाजवता घरात येत राहिली. आली की आधी पातेल्याचं झाकण उघडायची, चाखायची, आणि न विचारता मीठ घालायची. रौशान कामावर असली तर संदूक उघडून रजया पुन्हा घडी घालून ठेवायची, कारण रौशानची घडी तिला पसंत नव्हती. रौशानने ‘न कळवता येणारे पाहुणे’ ह्या विषयावर चार लेख लिहिले. चावीआपाने चारही मन लावून वाचले.

“छान लिहिलंयस ग. अशा लोकांना अक्कलच नसते,” ती म्हणाली आणि पातेल्यात मीठ घातलं.

रौशानने कपाळाला हात लावला.

मग तो लेख आला. एका हॉटेलात भाचीच्या लग्नाची मेजवानी होती. दियास, रौशानचा मुलगा, तापाने फणफणून घरी पडला होता. मेजवानीतलं उरलेलं, सार्कित म्हणून, घरी न्यायचंच असतं, त्याला कुणी नावं ठेवत नाही. पण व्याही उभे राहून आशीर्वादाचं भाषण करत होते, आणि चावीआपाने तेव्हाच मांडीवर पिशवी उघडली. त्यात घोड्याच्या मांसाचं सॉसेज गेलं, तळलेले पिठाचे गोळे, बाउरसाक, गेले, व्याह्यांच्या पुढ्यातली मिठाईही गेली. वेटर आडवा आला, तर तिने त्याच्या हातातली ताटलीच पिशवीत उपडी केली. रौशान टेबलाखाली शिरायची बाकी होती. घरी परत येताना चावीआपाने ती पिशवी तिच्या हातात कोंबली.

“दियासला दे. लग्नघरचं खाल्लं की ताप उतरतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पिशवीतलं सॉसेज खात खात रौशानने ‘पिशवी भरणाऱ्या बायका’ हा लेख लिहिला. काइरोल्दा केव्हाच घरी बसले होते, आणि नवी संपादक मुलगी सारखी म्हणायची, “काकू, उदाहरण द्या, वाचकाला माणूस लागतो.” रौशानने माणूस दिला. खरं नाव द्यायचं नाही हा तिचा तीस वर्षांचा नियम होता. म्हणून तिने लिहिलं, ‘आपण त्यांना चावीआपा म्हणू.’ तिच्या डोक्यात हेच नाव होतं, हातातून हेच उतरलं. पूर्ण आडनावासकट लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण हे! अख्ख्या गोतावळ्यात त्या नावाची एकच बाई, आणि अख्खा गोतावळा तो पेपर घेतो.

नऊ वाजता पेपर आला, साडेनऊला शिट्टीदिराचा फोन.

“वहिनी, तुमचं डोकं फिरलंय का?”

दुपारी बाजारात खाटकाने उमसिनला सगळ्यांदेखत विचारलं, “चावीआपा, आज पिशवी एक की दोन?” तिने मांस तिथेच ठेवलं आणि घरी गेली. त्या दिवसापासून ती रौशानच्या घरी आली नाही. दोन वर्षं चार महिने. पातेल्याचं झाकण कुणी उघडलं नाही. येर्मेक दर रविवारी एकटा बहिणीकडे जायचा आणि परत येऊन एक शब्दही बोलायचा नाही. तो ओरडला असता तर रौशानने दोन उत्तरं तरी दिली असती. गप्प माणसाशी भांडायचं कसं, ह्यावर तिला स्वतःलाच एखादा लेख हवा होता.

दियासचं लग्न ठरलं तेव्हा येर्मेकने तोंड उघडलं. तो बस डेपोत मेकॅनिक होता, हाताला सदा काळं ग्रीस. हात पुसत पुसत त्याने सांगितलं, “सुनेचा रुमाल आपा बांधेल.”

“मी कुठे नको म्हणतेय? ती येईल तेव्हा ना!”

“तिने नाही बांधला तर मीही त्या दिवशी घरात नसेन. व्याह्यांना काय सांगायचं ते तू बघ. तुला येतं लिहायला.”

एकतीस वर्षांत हा माणूस इतकं लांब बोलला नव्हता. रौशान रात्रभर तळमळली. सकाळी तिने स्वतःचाच जुना लेख काढला, ‘माफी कशी मागावी’. आधी वेळ ठरवावी. माफी तीन वाक्यांत मागावी. ‘पण’ हा शब्द येऊ देऊ नये. तिने फोन लावला.

“आपा, मी रौशान.”

“कुठली रौशान? पेपरातली?”

“तुम्हाला वेळ कधी असेल ते विचारायचं होतं. भेटायला यायचंय.”

“वेळ? दाताच्या डॉक्टरकडे जातेयस की काय? ये मंगळवारी, नंबर लाव.”

मंगळवारी ती गेली. चावीआपाने तिला बसवलं आणि पियाली काठोकाठ भरून पुढे ठेवली. घरच्या माणसाला आपण अर्धीच ओततो, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येते आणि माणूस बसतो. काठोकाठ म्हणजे प्या आणि चालू लागा. तरी तिने पाठ केलेली तीन वाक्यं म्हटली. माझी चूक झाली. तुम्हाला चारचौघांत मान खाली घालावी लागली. मला माफ करा.

“झालं?”

“झालं.”

“एवढंच? माझी शेजारीण कोंबडी मेली तर याहून जास्त बोलते.”

“आपा, माफी थोडक्यातच मागायची असते.”

“कुणी सांगितलं?”

सांगणारी कोण ते दोघींनाही ठाऊक होतं. रौशानच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तीस वर्षांचे नियम एका दमात गळून पडले. “पण आपा, मी तुमचं नाव कुठे घातलं? एक अक्षर दाखवा!”

“नाव घातलं असतंस तर बरं झालं असतं,” चावीआपा शांतपणे म्हणाली. “उमसिन ह्या तराजमध्ये पन्नास असतील. चावीआपा एकच आहे. आणि ते नाव तू ठेवलंस, माझ्या दारात उभी राहून, लाजत लाजत. मला किती आवडलं होतं ते.”

रौशानने भरलेली पियाली उचलली, हाताला चटका बसला, ती तशीच खाली ठेवली.

“लग्नाला येईन मी,” चावीआपा म्हणाली. “पत्रिका पाठव. पाहुण्यासारखी येईन.”

रौशान जवळजवळ उड्या मारत घरी आली. येर्मेकला सांगितलं, तर त्याचा चेहराच उतरला.

“पाहुण्यासारखी म्हणाली? हेच शब्द?”

“हो. का? पाहुण्यासारखी तर पाहुण्यासारखी! माझं काय जातंय?”

लग्नाच्या दिवशी अंगणात तंबू ठोकला होता. पत्रिकेवर पाच होतं. पाच वाजता अंगणात फक्त कामाच्या बायका होत्या, आणि फाटकातून चावीआपा आत आली. पाचच्या ठोक्याला. तिने फाटक वाजवलं. स्वतः वाढवलेल्या भावाच्या घराचं फाटक वाजवून, “आत येऊ का?” असं विचारून आत आली. हातात फुलं होती, मोजून सात, आनंदाच्या प्रसंगी विषमच न्यावीत असं रौशानने दोन हजार दहा साली लिहिलं होतं तसं. मोबाइल सगळ्यांदेखत बंद करून पर्समध्ये टाकला. स्वयंपाकाच्या चुलीकडे तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

“आपा, तिथे नका बसू, वर बसा ना,” रौशान तिला मानाच्या जागेकडे ओढू लागली.

“नको, नको. माझ्या नावाची चिठ्ठी इथे आहे,” चावीआपा म्हणाली आणि चिठ्ठीच्या समोर ताठ बसली. ती चिठ्ठी रौशाननेच लिहिली होती, हौसेने, सगळ्यांसाठी, छापील अक्षरात.

आठपर्यंत पाहुणे भरले. उकडलेलं मांस आणि पिठाच्या पट्ट्या घातलेल्या बेशबरमाकची परात आली, सगळे हाताने खाऊ लागले, चावीआपाने काटा मागवला. मांसाचा छोटा तुकडा, तोंड बंद करून चावणं, रुमालाने ओठ टिपणं. “फार रुचकर झालंय. धन्यवाद.” मीठ कमी होतं. रौशानला माहीत होतं की मीठ कमी आहे, मुद्दाम कमी ठेवलं होतं. तरी “धन्यवाद”! शेजारी बसलेला टोपीआजा, नव्वदी पार केलेला, हळूच शिट्टीदिराला विचारत होता, “हिला बरं नाही का रे?” येर्मेक तंबूच्या खांबाशी उभा होता. हिने घरी येऊन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ही बाई तिला तिच्याच लेखांनी मारत होती, एकेक करून, आणि एकही लेख चुकत नव्हता.

मग वधूला आणलं. अकमरालच्या चेहऱ्यावर पडदा, दोन्हीकडे दोन वहिन्या, समोर दोंब्रा घेऊन गायक. तो एकेका सासरच्याचं कौतुक, थट्टा करत गाऊ लागला, आणि मुलगी वाकून वाकून नमस्कार करू लागली. टोपीआजाला, शिट्टीदिराला, मामांना. पडदा उचलला. मुलीच्या गालांवर घाम आला होता. गायकाने हात वर केला.

“आता घरच्या मोठ्या आईने पुढे यावं आणि आपल्या सुनेला पांढरा रुमाल बांधावा!”

सगळ्यांनी वळून चावीआपाकडे पाहिलं. ती उठली, झगा नीट केला आणि गोड आवाजात म्हणाली, “आपण बोलावलंत, फार आभारी आहे. पण मी पाहुणी आहे. हे घरच्यांनी करावं. आणि मला आता निघायला हवं, पाहुण्याने फार वेळ बसू नये.”

दोंब्रा थांबला. व्याही एकमेकांकडे पाहू लागले. येर्मेक वळला आणि फाटकाकडे चालू लागला. रुमाल हातात धरून रौशान मधोमध उभी. तीन वाक्यांचा नियम, ‘पण’चा नियम, चारचौघांत आवाज न चढवण्याचा नियम, सगळे तिला आठवत होते, आणि त्या क्षणी तिला त्या सगळ्यांचा मनापासून संताप आला.

“उमसिन!” ती ओरडली.

अंगणात कुणाच्या तरी हातातली पियाली पडली. सुनेने नणंदेचं नाव घेतलं होतं. एकतीस वर्षं ह्या घरची सून असलेल्या बाईने, व्याह्यांसमोर, तंबूभर ऐकू जाईल असं.

“उमसिन, पुरे झालं! मीठ कमी आहे! तोंडाने सांग ना कमी आहे म्हणून! चिठ्ठीसमोर कसली बसतेस? फाटक कसलं वाजवतेस? दोन वर्षं मी झाकण ठेवते, उघडायला कुणी नाही! मी काय ग, परकी आहे तुझी? मला मार, पण धन्यवाद म्हणू नकोस! रडायला येतंय मला त्याने!” आणि तिला खरंच रडू फुटलं, नाक ओढत, तोंड वाकडं करत, ज्यात सुसंस्कृत म्हणण्यासारखं काही नव्हतं.

फाटकाशी येर्मेक थांबला होता. चावीआपा हळूहळू वळली. तिचा चेहरा लाल होत गेला.

“काय म्हणालीस? माझं नाव? निर्लज्ज! ह्या वयात! सून घरी येण्याच्या दिवशी! हेच शिकवणार हिला?” ती तरातरा पुढे आली. “आणि मीठ कमी आहे हे मला सांगतेस? मला पहिल्या घासाला कळलं! ते मांस तासभर आधी काढलंस, चिवट झालंय, व्याह्यांचे दात पडायचे. आणि तंबू कुणी ठोकला, वारा कुठून येतो ते दिसत नाही? पोरगी थंडीने काकडतेय! इकडे आण तो रुमाल.”

तिने रौशानच्या हातातून रुमाल हिसकावला, अकमरालचं डोकं दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवलं आणि बांधायला लागली. तोंड बंद नव्हतं. रुमालाला इस्त्री नाही, अंगणात पाणी मारलेलं नाही, शिट्टीदीर जाडा झालाय, येर्मेक तिथे फाटकाच्या खांबासारखा काय उभा आहे, सुनेच्या तोंडाला लावायला दूध आण. प्रत्येक वाक्याला एक हिसका, आणि प्रत्येक हिसक्याला गाठ आणखी घट्ट. येर्मेक खरंच दूध आणायला गेला, बाही डोळ्यांना लावत.

वधूची आई दबक्या पावलांनी रौशानजवळ आली. बिचारी घाबरली होती.

“बाई, ह्या कोण म्हणायच्या?”

“ही?” रौशान म्हणाली. नाक पुसायला रुमाल सापडेना. “ही आमच्या घरची.”